उन्हाचा अंमल

मराठी कथाकादंबऱ्यांतून उन्हाळा बहुधा दोनतीन ठरीव वाक्यांत उरकला जातो: सूर्य आग ओकत असतो, धरित्री भाजून निघत असते आणि नायकाच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत असतात. यांपैकी पहिली दोन वाक्ये निरुपद्रवी आहेत. तिसरे मात्र, कथेचे स्थळ धुळे आणि महिना वैशाख असेल, तर सपशेल खोटे आहे. घामाच्या धारा मुंबईत वाहतात, रत्नागिरीत वाहतात, कारण तेथील हवा आधीच ओलाव्याने जड झालेली असते. खानदेशात पारा 43-44 अंशांवर गेला म्हणजे हवा इतकी कोरडी होते की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, आणि बाजारातून परतलेल्या माणसाच्या सदऱ्यावर, पाठीकडे, उरते ती मिठाची पांढरी, वेडीवाकडी रेघ. ही रेघ ज्याने पाहिली आहे, त्या लेखकाला सूर्याकडून आग ओकवून घेण्याची गरज पडत नाही.

उकडू लागले की पुण्यामुंबईकडचा पाहुणा खिडकी उघडतो आणि धुळ्याचा यजमान ती मुकाट्याने लावून घेतो. हवा अंगापेक्षाही तापलेली असली म्हणजे वारा हा दिलासा न राहता उपद्रव होतो, हे पाहुण्याला उमगायला दोन दुपारी लागतात. कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर कॅप्टन ब्रिग्जने आखून घेतलेल्या धुळ्याच्या सरळ गल्ल्या भर दुपारी अशा बंद दारांनी निर्मनुष्य होतात; आणि माझ्या मते उन्हाचे वर्णन करावयाचे ते या बंद दारांचे. मामलेदार गावात जमाबंदीला आला असता तो स्वतः कोणाच्या दृष्टीस न पडला तरी पाटील-कुलकर्ण्यांच्या धावपळीवरून पूर्वी त्याची हजेरी कळे, तसे ऊन हे माणसांच्या बदललेल्या वहिवाटीवरून वाचकाला कळावे.

कालिदासाला हे पुरते ठाऊक होते. ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्मापासून होतो, आणि त्या सर्गात मोराच्या सावलीत निपचित पडलेला साप व सापाच्या फणेखाली येऊन बसलेला बेडूक आपल्याला भेटतात, जन्मजात वैराचा कायदा उन्हाने तेवढ्यापुरता तहकूब केलेला असतो. आल्बेर कामूच्या 1942 सालच्या कादंबरीत ऊन याच्या अगदी उलट काम करते: अल्जिअर्सच्या किनाऱ्यावर खून केलेला नायक कोर्टात उन्हाचे कारण सांगतो आणि लोक हसतात. धुळ्याच्या कोर्टातही ही कैफियत मंजूर झाली नसती हे उघड आहे. पण वैशाखातल्या दुपारी ती ऐकून तेथे कोणी हसले असते, असे मला वाटत नाही.

केवळ क्लेश म्हणून ऊन रंगवणारा लेखक एक मोठी गोष्ट गमावतो. जी कोरडी हवा माणसाला शोषते, तीच कोपऱ्यातल्या रांजणाच्या झिरपत्या अंगावरून वाहून आतले पाणी गार करते. तीच वाळ्याच्या ओल्या पडद्यातून आली की सुगंधी होते. आणि पहाटे अंधारात उठून बायकांनी खाटेवर घातलेले ज्वारीचे बिबडे दुपारपर्यंत कडकडीत वाळवून देते. रावेर-यावलकडे मात्र तिची गाठ केळीशी असते, आणि तेथे शेतकरी बागेभोवती शेवरीची दाट भिंत उभी करून तिला बाहेरच अडवू पाहतो. एकाच हवेशी एका घरात सलोखा आणि शेताच्या बांधावर लढाई चालू असते, आणि एवढा ऐवज हाताशी असताना आमचा कादंबरीकार विशेषणे गोळा करीत बसतो.

21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. थंडी सरता सरता आरंभलेले हे कार्य खानदेशचा सबंध उन्हाळा ओलांडून मृग लागल्यावर समाप्त झाले. या प्रसंगावर कोणी कादंबरी रचू म्हणाले, तर त्याने उन्हाविषयी एक अक्षर न लिहिता केवळ बैठकीची जागा अध्यायागणिक सांगत जावी: प्रथम उघड्यावर बसलेले श्रोते पुढे भिंतीच्या छायेकडे सरकतात, छाया आखडली की एकमेकांस खेटतात, आणि खाली मान घालून लिहिणाऱ्याची शाई दौतीतच दाट होऊ लागते.

रात्रीकडे तर आमच्या कथाकारांचे लक्ष फारसे गेलेलेच नाही. दिवसभर तापलेले मातीचे धाबे रात्री ती ऊब खोलीत सोडते, म्हणून सारे घर अंथरुणे घेऊन त्याच धाब्यावर चढते, आणि शेजाऱ्याचे धाबे तर लागूनच असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात त्या याच दिवसांत. जे गाऱ्हाणे सासुरवाशीण माघात चुलीपाशी, दार लोटून, आईच्या कानात सांगू शकली असती, ते वैशाखात तिला शेजारच्या दोनतीन बाजांच्या टप्प्यात कुजबुजावे लागते; आणि त्यांतल्या एखाद्या बाजेवर सासरच्या नात्यातले कोणी जागे असले, तर दिवस उजाडेपर्यंत ती खबर पांझरा नदीपलीकडे पोहोचलेली असते.