'स' आणि 'मीं'

स्पॅनिश भाषेंत 'दीमेलो' असा एक शब्द आहे. 'दी' म्हणजे सांग, 'मे' म्हणजे मला, व 'लो' म्हणजे तें. आज्ञा केली कीं हीं दोन्ही सर्वनामें क्रियापदास पाठीमागून चिकटतात. निषेध केला कीं तींच सुटीं होऊन 'नो मे लो दीगास' अशीं त्याच्या पुढें उभीं राहतात. ही रीत वाचकांस परकी वाटेल. परंतु तिची एक दूरची बहीण आपल्या मराठींतही नांदते.

'तूं पोथी फाडलीस' या वाक्यांत 'फाडली' हें रूप कर्माचें, म्हणजे पोथीचें, लिंग दाखवितें, आणि शेवटचा 'स' कर्त्यास धरून ठेवितो. व्याकरणांत याला कर्तृकर्मसंकर प्रयोग म्हणतात. आतां हेंच कृत्य आपल्या हातून घडलें असें समजा: 'मीं पोथी फाडली.' 'स' गेला, आणि त्याच्या जागीं कांहींच आलें नाहीं.

शहापूर तालुक्यांतील डोळखांबच्या शिवारांत भातखाचरांच्या बांधावरून दोन शेजारी भांडत आहेत अशी कल्पना करावी. एक म्हणतो, 'बांध कोरलास!' येथें 'तूं' म्हणण्याची गरजच नाहीं. दुसरा म्हणतो, 'होय, कोरला.' कबुली तर झाली. पण वाक्यांत कोरणारा कोठें आहे? 'मुलाला मारलें' हें उदाहरण त्याहून कठोर. 'ला' लागतांच क्रियापद मुलाकडे पाहात नाहीं, आणि मारणाऱ्याकडेही नाहीं. नपुंसकलिंगी होऊन तें तटस्थ राहतें.

यावर कोणी म्हणेल कीं, व्याकरणावरून माणसाची नीति ठरत नाहीं. तें खरेंच आहे. 'मी मारतों' यांत कर्ता ढळढळीत दिसतो; 'त्यानें बांध कोरला' यांतही 'स' नाहींच. तेव्हां हा प्रत्यय कोणीं स्वार्थानें रचलेला नव्हे. परंतु भाषा जें आपोआप करीत नाहीं, तें बोलणाऱ्यानें जाणून करावें लागतें. समोरच्यावर दोष ठेवण्यास मराठींत एक अक्षर पुरतें. स्वतःचा दोष पत्करण्यास मात्र 'मीं' हा शब्द मुद्दाम उच्चारावा लागतो.

घरांत वडील माणसांच्या तोंडीं मुलांसाठीं 'सांडलेंस, मोडलेंस, हरवलेंस' हें दिवसभर असतें. स्वतःची पाळी आली कीं नुसतें 'सांडलें' एवढेंच ऐकूं येतें. शाळेंत प्रयोग शिकण्यापूर्वींच मुलें हा धडा घरीं शिकतात. त्यांस 'मीं' हा शब्दही आधीं वडिलांच्याच तोंडून ऐकावयास मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.