बाईची विटंबना चितारावी काय?



आपल्या घरातले जुने देव खाली उतरले आणि त्या भिंतीवर भगवान बुद्ध व बाबासाहेब आले. त्याच भिंतीवर देवदासीचे चित्र लावा, असे कोणी म्हटले तर आपण विचाराल, "जे सोडून आलो ते पुन्हा डोळ्यांसमोर कशाला? त्या बाईची अब्रू पुन्हा चव्हाट्यावर का आणता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

१९६१ साली नागपुरात जन्मलेले आंबेडकरी चित्रकार सवी सावरकर यांनी देवदासीवर चित्रांची मालिकाच काढली. नटलेली, नाचणारी देवदासी पुष्कळांनी रंगवली, पण ती पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी. सावरकरांच्या चित्रात करमणूक नाही. रेषा खरखरीत, रंग अंगावर येणारे. आणि मुख्य म्हणजे तिथे बाईबरोबर पुरोहितही आहे. देवाच्या नावाने सोडलेल्या मुलीचा उपभोग कोण घेतो, हे चित्र उघड सांगते.

फरक इथेच आहे. जे चित्र गुन्हेगाराला लपवून फक्त बाई दाखवते, ते तिचे दुसऱ्यांदा शोषण करते. जे गुन्हेगाराला समोर आणते, ते तिच्या बाजूने साक्ष देते. लाज तिची नाही, ती लादणाऱ्याची आहे. भगवंतांनीही नुसते दुःख सांगितले नाही, दुःखाचे कारण दाखवले.

१९३४ साली मुंबई इलाख्यात मुली सोडण्यास कायद्याने बंदी झाली. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणींना तो धंदा सोडून मानाने जगण्यास सांगितले. तरीही महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. का? कायदा कागदावर बदलतो, पण लोकांची नजर जुनीच राहते. नजर बदलण्याचे काम चित्राला करता येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी पाहा. १९७५ नंतर तिथे दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. नवऱ्याचे पिणे ही त्याच्या घरची बाब न राहता गावाचा प्रश्न झाली, तेव्हाच हे घडले. बाईचे दुःखही चार भिंतींत झाकून ठेवले तर संपत नाही. ते सर्वांना दिसावे लागते. चित्र तेच करते.

पण बंधूंनो, ते चित्र पाहून फक्त पुरोहिताकडे बोट दाखवाल तर अर्धेच पाहिले. पंचशील घेतलेल्या घरात दारू पिऊन बायकोवर हात उगारला जात असेल, पोरीची शाळा सोडवून तिला धुणीभांड्यांना लावले जात असेल, तर पुरोहिताच्या जागी कोण उभा आहे? आपल्या भिंतीवर तथागत आहेत. त्यांच्यासमोर घरातली बाई कशी जगते, हे आज रात्री तिलाच विचारा. आणि ती बोलू लागली, की मध्ये बोलू नका.

जयभीम.