नाही म्हणण्याची ऐपत

दिवाळी तोंडावर आली, पुढच्या खोलीला रंग द्यायचा होता. म्हणून परवा मी मजूर नाक्यावर गेलो. सकाळी आठला एका रंगाऱ्याने दिवसाचे आठशे रुपये सांगितले. मी हसून पुढे गेलो. साडेदहाला परतलो, तो तो तिथेच उभा! मी पाचशे म्हटले. त्याने मुकाट्याने ब्रशांची पिशवी उचलली.

घरी येऊन मी सौभाग्यवतींना फुशारकीने म्हणालो, "पाहिलंस? तीनशे वाचवले!"

"कुणाचे?" तिने विचारले.

माझी फुशारकी उतरली. अडीच तासांत त्या माणसाचे कसब काही कमी झाले नव्हते. दिवस हातचा जाईल ही धास्ती मात्र वाढली होती.

मला माझेच दिवस आठवले. मॅट्रिक झाल्यावर एका शाळेत दोन हजारांची नोकरी चालून आली होती. घरात वडिलांचा पगार येत होता. मी ऐटीत नकार दिला. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि तीच नोकरी मी दीड हजारात पत्करली. लोक म्हणाले, पोरगा शहाणा झाला. पण खरे सांगू? शहाणपण वाढले नव्हते, पिठाचा डबा रिकामा झाला होता.

बेकार माणूस कमीत कमी किती मजुरीला कबूल होईल, हे केवळ त्याच्या गुणांवर ठरत नाही. घरात किती दिवसांचे धान्य आहे, डोक्यावर देणे किती, दुसरीकडे काम मिळण्याची आशा किती, यांवर ते ठरते. मौज अशी, की खाऊनपिऊन सुखी माणसाने नकार दिला तर तो स्वाभिमान. गरिबाने दिला तर आळस!

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७९ साली तिचा कायदा अमलात आला. मागेल त्याला काम! काम खडी फोडण्याचे, मजुरी बेताची. पण जिथे ते काम खरोखर मिळाले, तिथे 'याहून कमी देणार असाल, तर मी येत नाही' असे मालकाला सांगण्याची सोय झाली. ही सोय मला त्या मजुरीइतकीच मोलाची वाटते.

संध्याकाळी मी रंगाऱ्याच्या हातावर आठशे ठेवले. त्याने मोजून तीनशे परत केले. "गुरुजी, चुकून जास्त आले."

"नाही," मी म्हणालो, "चूक सकाळी झाली होती."