हळू आवाजात काहीतरी लावा

गाणं ऐकणं आणि गाणं लावणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकायला कान लागतात, लावायला बोट पुरतं. पूर्वी लावायलाही बरंच काही लागत असे. रेकॉर्ड फडक्याने पुसा, पिन बदला, ती अलगद टेकवा, आणि तीन-साडेतीन मिनिटांनी पुन्हा उठा. इतकी उठबस करून लावलेलं गाणं माणूस ऐकल्याशिवाय सोडत नसे. पैसे आणि गुडघे दोन्ही खर्ची पडलेले असत. आता फोनवर बोट टेकवलं की जे सुरू होतं, ते आपण झोपलो तरी चालूच राहतं. वाजवणारा वाजवतो आहे आणि लक्ष देणारा कोणीच नाही, ही अवस्था पूर्वी फक्त लग्नाच्या मांडवातल्या सनईवाल्याच्या वाट्याला येई. आता ती थोरामोठ्या उस्तादांनाही घरोघरी उपलब्ध झाली आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पुतण्यामुळे. तो कॉम्प्युटरमधला. आठवड्यातले तीन दिवस घरातल्या घरातच ऑफिसला जातो. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही एवढं गाणं ऐकता, तर मला काम करताना मागे लावायला काहीतरी सुचवा ना. फार लक्ष वेधून घेणारं नको. अगदीच टुकारही नको. आणि रात्री कधी डोळे मिटून नीट ऐकावंसं वाटलं, तर तेच ऐकता आलं पाहिजे."

पूर्वी वधू पाहिजेच्या जाहिरातींत 'गृहकृत्यदक्ष, पण चारचौघांत उठून दिसणारी' अशी मागणी असे, तिची मला आठवण झाली.

"सध्या काय लावतोस?" मी विचारलं.

"पाऊस."

"म्हणजे?"

"आठ तासांचा पाऊस आहे, काका. मध्ये मध्ये बेडूक."

महिना जुलैचा होता. बाहेर गोरेगावचा खराखुरा पाऊस शेजारच्या पत्र्यांवर धो धो कोसळत होता. बाहेरच्या पावसाचा आतल्या पावसाला त्रास होऊ नये म्हणून चिरंजीवांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या!

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले अण्णा तेव्हा चहाला आले होते. अण्णांनी उभं आयुष्य बैठकीतलं गाणं सतरंजीवर मांडी घालून ऐकलं. 'मागे लावायला' हे शब्द ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "गाणं मागे लावायचं?" ते म्हणाले. "म्हणजे पाहुण्याला आग्रहाने घरी बोलवायचं आणि तो आला की त्याच्याकडे पाठ करून बसायचं! किशोरीताईंच्या मैफलीत उशिरा येऊन खुर्ची वाजवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. आणि तुम्ही त्यांच्या आलापीवर वांगी चिरणार?"

आता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोणी एकाने आयुष्य झिजवून एक स्वर असा काही लावला, की तो ऐकताना माणसाने श्वास धरावा. तो स्वर आपण वीजबिल शोधता शोधता कानाआड करतो. ही चैन आहे की पाप? गाणाऱ्याचं आपण काही देणं लागतो की नाही? की रेकॉर्डचे पैसे दिले, हिशेब मिटला?

गंमत अशी, की ज्याने 'कृपा करून माझ्याकडे लक्ष देऊ नका' अशी विनवणी केली, त्याचंही लोकांनी ऐकलं नाही. पॅरिसमध्ये एरिक साती नावाचा एक विक्षिप्त संगीतकार होऊन गेला. त्याने १९१७ च्या सुमारास 'फर्निचर संगीत' अशी कल्पना काढली. खोलीत खुर्ची-टेबल असतं, तसं संगीत असावं. त्याच्यावर कोणी नजर लावून बसू नये. मार्च १९२० मध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याचा प्रयोग झाला. वाद्यं वाजू लागली आणि उठून चाललेले लोक भराभर आपल्या जागी येऊन शहाण्यासारखे गप्प बसले. साती बिचारा ओरडतोय, 'बोला! फिरा! ऐकू नका!' पण लोक ऐकतच राहिले. आपल्याकडे निवेदकाने 'शांतता राखा' असं दहा वेळा सांगूनही जे साधत नाही, ते ह्या माणसाला नको असताना साधलं.

दुसरा इंग्रज, ब्रायन ईनो. १९७५ साली अपघात होऊन अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची रेकॉर्ड आणली. आपल्याकडे अशा वेळी मोसंबी नेतात. तिने ती दिली आणि ती निघून गेली. ह्याने कशीबशी रेकॉर्ड लावली खरी, पण आवाज फारच बारीक, आणि उठून वाढवण्याची ताकद नाही. बाहेर पाऊस. ते सूर पावसात मिसळून जेमतेम कानावर येत राहिले, आणि त्याला वाटलं, अरे, असंही ऐकता येतं की! त्यातून १९७८ साली 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही त्याची रेकॉर्ड निघाली. ह्या जातीच्या संगीताबद्दल त्याची अट एकच: दुर्लक्ष केलं तरी चालावं आणि लक्ष दिलं तरी पुरावं. म्हणजे पुतण्याची मागणी जगावेगळी नव्हती.

हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. अण्णा म्हणाले, "साहेबाचं काय सांगता!" वाद तिथेच संपायचा. पण तेवढ्यात आमची ही तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अण्णा, पाहुण्याकडे पाठ करून बसू नये हे खरंच. पण घरच्या माणसाकडे तोंड करून कोण बसतं हो?"

अण्णांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

मला वाटतं, सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. पाहुणा समोर बसतो, घरचा माणूस आसपास असतो. एक जण पेपर वाचतोय, एक जण तांदूळ निवडतंय, दोघांत तासभर शब्द नाही, म्हणून कोणी कोणाचा अपमान केला असं होत नाही. जात्यावर दळताना बायका ओव्या गात, त्या काही टाळ्यांसाठी नव्हेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं वाङ्मय पीठ पडता पडता मागच्या मागे झालेलं आहे! आणि बैठकीतला तंबोरा? तो तर गवयाच्या मागेच बसतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याला कोणी 'वाहवा' म्हणत नाही. पण तो थांबला तर गवयाला आधी मागे वळून बघावं लागेल. मागे असणं म्हणजे हलकं असणं नव्हे.

आमच्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून, तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे ते चार सूर, तुमच्या कानांत अजून असतील. त्या धुनेवर किती घरांत दूध उतू गेलं असेल, किती दाढ्या झाल्या असतील, किती पोरांना 'ऊठ, रेडिओ लागला' म्हणून हलवलं असेल! ती 'ऐकायला' मात्र कोणी बसत नव्हतं. तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन ह्यांना. जन्म १९०७, बोहेमियातल्या कार्ल्सबादचा. धर्माने ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यानंतर युरोपात त्यांच्यासारख्यांचे दिवस भरत चालले, तेव्हा १९३४ साली हा माणूस मुंबईला आला, पुढे इथल्या रेडिओत काम करू लागला, आणि १९४६ साली निघूनही गेला. उरलेलं आयुष्य परदेशात काढून १९८४ साली अमेरिकेत वारला. स्वतःचं घर सुटलेल्या माणसाची धून पुढची कित्येक वर्षं आपल्या घरांना जागं करत राहिली, आणि आपण तिच्यावर घड्याळं लावत राहिलो.

हे पुतण्याला सांगून मी फोनवर ती धून लावली. त्याने कानांतला पाऊस काढून ठेवला आणि ती तीन वेळा ऐकली. धून तीच होती. ती मागून पुढे आली होती, एवढंच.

तेव्हा माझ्या मते नीतीचा नियम असा आहे: मागे खुशाल लावा, पण ज्याच्याकडे कधी वळून बघावंसं वाटेल असंच लावा. आणि मुख्य म्हणजे, कधीतरी खरंच वळून बघा. सकाळच्या लोकलमधली भजनं घ्या. गोरेगावला चढणाऱ्याला बसायला मिळत नाही, पण अभंग मिळतो. टाळ चालू असतात, एक जण डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो. त्यांच्या मांडीला मांडी लावून कोणी रमी खेळतो, कोणी झोपतो, कोणी शेअर्सचे भाव वाचतो. भजनी मंडळ कोणावर रागावत नाही. आणि एखाद्या दिवशी, काय होतं कोण जाणे, अंधेरी-पार्ल्याच्या दरम्यान तोच रमीवाला पानं मिटतो आणि ऐकू लागतो. त्या दिवसासाठी ते बाकीचे दिवस गात असतात.

दुसरा नियम शेजाऱ्यांसाठी. आपलं मागचं संगीत हे भिंतीपलीकडच्या माणसाचं पुढचं संगीत असतं. त्याला त्याच्याकडे पाठ फिरवण्याची सोय नसते. सरकारने २००० साली नियम केला, की वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये. आमच्या भागात नवरात्रात हे दोन्ही आकडे बहुधा दांडियाच्या पासांचे दर म्हणून वाचले जातात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला जरा टोचते. जे मागे असतं, ते गेलेलं लवकर कळत नाही. आमच्या पूर्वेला आरे आहे. १९४९ साली दुधासाठी वसवलेली कॉलनी. तिथले रातकिडे, बेडूक, पानांची सळसळ कित्येक वर्षं गोरेगावकरांच्या मागे वाजत आलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून जास्त झाडं पडली, तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदाच तिकडे कान दिला. पुतण्याचे फोनमधले बेडूक कुठल्या देशचे आहेत कोण जाणे. खरे बेडूक रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहेत.

आणि घरातसुद्धा असंच एक संगीत मागे चालू असतं. 'छत्री घेतलीस का', 'डबा विसरलास बघ', 'पोचल्यावर फोन कर.' घरातलं म्हातारं माणूस हे आतल्या खोलीतून म्हणत असतं. त्याला कोणी चाल लावलेली नाही, कोणी त्याची रेकॉर्ड काढत नाही, आणि आपण 'हो, हो' म्हणत चपला घालत असतो. ते थांबतं त्या दिवशी घरातला पंखा किती आवाज करतो, हे पहिल्यांदा लक्षात येतं.

असो. शिफारशी राहिल्याच. कामाच्या वेळी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावा. १९६७ ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. एका धनगराचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत सरकतो. त्याच्याबरोबर तुमचाही सरकेल. दुपारच्या सुस्तीला सातीचे १८८८ चे 'जिम्नोपेदी' हे पियानोचे तुकडे. त्यांना घाई नाही, तुम्हालाही करू देत नाहीत. रात्री दिवा मालवून झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा. एक स्वर छेडून तो पुरता विरेपर्यंत वाट बघणारा माणूस मुंबईत राहत होता, ह्यावर लोकल पकडणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही. काहीच सुचलं नाही तर नुसता तंबोरा लावा. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मात्र कामाच्या वेळी लावू नका. महिन्याचा हिशेब करायला बसाल आणि ताळेबंद आयुष्याचा निघेल.

आणि आठवड्यातून एकदा, फार नाही, वीस मिनिटं, हे सगळे जे मागे बसून आपली सोबत करतात त्यांच्यापैकी एकाला पुढे बोलवा. फोन पालथा ठेवा, हात रिकामे ठेवा आणि ऐका. माणसांच्या बाबतीतही हरकत नाही.

पण आता लेख इथेच थांबवलेला बरा. आतून मघापासून बारीक आवाजात काहीतरी ऐकू येतं आहे, आणि ते आता फार वेळ मागे राहील असं वाटत नाही.