वकीलपत्र सोडताना

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात उभं राहायला शिकलेल्या तरुण वकिलाला एक दिवस मुंबईच्या मोठ्या फर्ममधून बोलावणं येतं. त्याच सुमारास बार्शीचा किंवा फलटणचा एखादा ज्युनिअर पुण्यातल्या फर्ममध्ये रुजू होत असतो. पुणे हे कुणाचं पोहोचण्याचं गाव, तर कुणाचं निघण्याचं.

ही वाट जुनी आहे. यशवंतराव चंद्रचूड पुण्यात जन्मले, इथल्याच लॉ कॉलेजात शिकले, 1943 पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि 1978 मध्ये सरन्यायाधीश झाले. सोलापूरचे उदय लळीत मुंबईत काही वर्षं वकिली करून 1986 मध्ये दिल्लीला गेले आणि 2022 मध्ये त्याच पदावर बसले. मोठ्या ठिकाणी जावंसं वाटण्यात गैर काहीच नाही. विचार करायचा तो निघताना आपण कसे वागतो याचा.

लहान ऑफिसात अशील पाटी बघून येत नाही, माणूस बघून येतो. भावाभावांतला वाटपाचा दावा असतो, फेरफाराची तक्रार असते. पहिल्या भेटीत तो जमिनीविषयी बोलतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत धाकट्याशी अबोला का धरला, हे सांगतो. सीनिअर कोर्टात असताना हे सगळं ऐकून घेतलेलं असतं ज्युनिअरने. फाईल दुसऱ्याच्या हाती देता येते. हे ऐकलेलं मात्र त्या फाईलमध्ये कुठेच नसतं.

बार कौन्सिलचा नियम सांगतो की पुरेसं कारण असल्याशिवाय आणि अशिलाला वाजवी सूचना दिल्याशिवाय घेतलेलं काम सोडू नये. सोडलंच, तर न केलेल्या कामाची फी परत करावी. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, हे 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 126 सांगत होतं. काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमाचा क्रमांक 132 झाला, बंधन तेच राहिलं.

त्याची खरी परीक्षा नव्या फर्ममध्ये होते. तिथे एखाद्या दिवशी जुन्या अशिलाच्याच जमिनीचा व्यवहार टेबलावर येतो, समोरच्या बाजूने. त्या वेळी, "हे काम मी करू शकत नाही," एवढंच सांगून बाजूला व्हावं. कारण विचारलं तर या अशिलाचं काम पूर्वी पाहिलं होतं, इतकंच सांगावं. त्यापलीकडचं एक अक्षरही नाही. नव्या जागी आपलं वजन वाढवायला जुन्याची गुपितं वापरणारा उद्या इथलीही नेईल, हे कोणतीही शहाणी फर्म ओळखते.

म्हणून जायचं ठरलं की सीनिअरशी आधी मोकळेपणाने बोलावं. मग आपण पाहत असलेल्या प्रत्येक अशिलाला सीनिअरच्या संमतीने स्वतः फोन करावा. पुढची तारीख कोणती, मूळ खरेदीखत कुणाच्या ताब्यात आहे, यापुढे काम कोण पाहणार, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगावं. शंका विचारायला वेळ द्यावा. तो नाराज झाला तर तेही ऐकून घ्यावं. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याला अधांतरी न ठेवता जो निघतो, त्याने वकिलीतलं सर्वांत महत्त्वाचं शिक्षण त्या लहान ऑफिसातच पूर्ण केलेलं असतं.