पाचवे कारण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. एवढे असूनही जो स्वतःलाच एकटा कर्ता मानतो त्याची समज अपुरी, असेही तिथे पुढे म्हटले आहे. म्हातारपणाच्या पैशाबाबत मात्र नोकरदाराला आज तेच मानायला लावले जाते.

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, खासगी नोकरदाराला शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांचे प्रमाण स्वतः ठरवता येते. ते जमत नसेल तर ‘ऑटो चॉइस’ आहे. त्यातल्या मध्यम पर्यायात पस्तिशीपर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये असते आणि पंचावन्नाव्या वर्षापर्यंत ती 10 टक्क्यांवर येते. निवृत्ती जवळ आली की नुकसान भरून काढायला वर्षे उरत नाहीत, हा त्यामागचा शहाणा विचार.

पण जन्मतारीख कोण निवडतो? जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर पोहोचला होता; मार्च 2009 मध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली होता. सगळी पुंजी शेअरमध्ये ठेवणारे दोघे कल्पावेत, पगार सारखा, काटकसर सारखी. एक आधी निवृत्त झाला, दुसरा चौदा महिन्यांनी. दुसऱ्याचे हाल हे त्याच्या कर्माचे फळ म्हणणे निव्वळ निष्ठुरपणा आहे.

कर्त्याच्या हातात काहीच नसते, असा याचा अर्थ नव्हे. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झालेली अमेरिकेतली एन्रॉन डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरच्या आसपास असलेला तो शेअर नोव्हेंबर 2001 अखेर एका डॉलरच्याही खाली आला. नोकरी गेली आणि साठवणही. पैसा विखरून ठेवणे हे कर्त्याचे काम होते खरे. पण कंपनी आपला वाटा शेअरच्या रूपात देत होती आणि ते शेअर पन्नाशीच्या आधी विकायला बंदी होती. हिशेबातली लबाडी तर खात्यावर दिसणारच नव्हती. ज्याला माहिती नाही आणि मोकळीकही नाही, त्याच्या निवडीला निवड म्हणायचे कसे?

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च 2023 मध्ये ते ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, तेव्हा मागणी पैशाची होती तशी निश्चिंतीचीही होती. ती रास्त वाटते. तरी जुन्या पेन्शनमध्येही जोखीम नाहीशी होत नव्हती. ती पुढच्या पिढीच्या करदात्यावर जात होती, आणि त्या करदात्यांतल्या बहुतेकांना स्वतःला पेन्शनच नसते.

म्हणून सगळा भार एकाच खांद्यावर न टाकणारी व्यवस्था अधिक न्याय्य ठरते. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत कर्मचारी 10 टक्के देतो, सरकार 18.5 टक्के. सरकारच्या वाट्यातले 8.5 टक्के सामायिक निधीत जातात आणि हमी त्याच्या आधारे दिली जाते. पंचवीस वर्षांची सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन ठरलेली आहे, मग निवृत्तीच्या दिवशी बाजार कुठेही असो. खासगी नोकरदारांना मात्र ही योजना लागू नाही.