कठड्यावरचे नाव

वाशिम जिल्ह्यात मोठे पूल थोडे, रपटे फार. पैनगंगा दक्षिणेच्या सीमेवरून जाते, अडाण आणि अरुणावती आतून वाहतात. बाकी बहुतेक नाले. चैत्रात त्यांत गुरांना प्यायला पाणी नसते आणि श्रावणात एका रात्रीत रस्ता बंद होतो. या पुलांना सरकारदरबारी नाव नसते, क्रमांक असतो. कठड्यावर रंगवलेला किलोमीटरचा आकडा, तिरपी रेघ, आणि त्या किलोमीटरमधला तो कितवा पूल हे सांगणारा दुसरा आकडा. गावाला त्याचे काही नाही. 'वडाजवळचा पूल' म्हटले की काम भागते.

म्हणून गावचा जवान कामी आला आणि पुलाला त्याचे नाव देण्याची मागणी निघाली, की मला ती रास्त वाटते. पुतळ्याकडे माणूस वर्षातून दोनदा जातो, तेही हार घेऊन. पुलावरून तो रोज जातो, कापसाची गाडी घेऊन, कॉलेजचे दप्तर घेऊन, कधी दवाखान्यात नेण्याच्या घाईत. शिवाय पूल हे सैनिकाच्या हातचेच काम आहे. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर 2017 साली चेंगराचेंगरी झाली, तेव्हा नवा पादचारी पूल लष्कराच्या अभियंत्यांनीच बांधून दिला होता.

एप्रिल 2023 मध्ये वाशिमजवळच्या सोनखासचे पॅरा कमांडो अमोल गोरे यांना अरुणाचल प्रदेशात सहकाऱ्यांचा जीव वाचवताना वीरमरण आले. त्याआधी 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात 40 जवान गेले, त्यांत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. अशा बातमीनंतर पहिले आठ-दहा दिवस सारा परिसर एका कुटुंबासारखा वागतो. नेते येतात, घोषणा होतात. माझी शंका त्या दिवसांबद्दल नाही, नंतरच्या दहा वर्षांबद्दल आहे.

नामकरणाच्या पाट्या मी थांबून वाचतो. सवयच आहे म्हणा ना. पुष्कळ ठिकाणी दिसते ते असे: सर्वांत वर जवानाचे नाव, त्याखाली 'यांच्या शुभहस्ते', मग प्रमुख उपस्थिती, मग सौजन्य. पंधरा-वीस नावांत जवान एकच. तो कुठल्या पलटणीत होता, कुठे आणि कसा गेला, तेव्हा त्याचे वय काय होते, याला जागा उरलेली नसते. आणि पाटी फ्लेक्सची असेल तर विदर्भाचे एक ऊन तिला पुरते. मे महिन्यात चेहरा निळा पडतो, जूनच्या वादळात चौकट तेवढी उरते.

नाव टिकते ते तोंडी बसले तर. मुंबईत विलेपार्ल्याला कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. हे गोरे 1995 मध्ये काश्मीरमध्ये गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये अंधेरीचा गोखले पूल वाहतुकीला बंद झाला आणि पर्यायी मार्ग म्हणून कॅप्टन गोरे पुलाचे नाव वाहतुकीच्या सूचनांत आले. ते कुणी आदरांजली म्हणून घेतले नव्हते, घरी वेळेत पोहोचायचे होते म्हणून घेतले होते. मला ही गोष्ट समारंभाहून मोठी वाटते. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरने जवानाच्या नावाने थांबा पुकारला आणि म्हातारीने त्याच नावाने उतरायला सांगितले, तर नामकरण झाले म्हणायचे.

पण त्याच एसटीत त्याची आईही बसलेली असते, हे मागणी करताना कोण ध्यानात घेतो? बाजाराला जाताना एकदा, परत येताना एकदा तिला ते नाव वाचावे लागणार. कुणाला त्याचा आधार वाटेल, कुणाला ते सोसणार नाही. कॅप्टन गोरे यांच्या आई अनुराधा गोरे यांनी लेखणी हाती घेतली, सैन्याबद्दल तरुणांसाठी लिहिले. प्रत्येक घराची वाट तीच असेल असे नाही. ठरावाआधी त्या घरी जाऊन विचारणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरी बाब कठड्याची. पुरात कठडा वाहून गेला की त्या जागी कुणीतरी बाभळीची फांदी टाकते, नाहीतर काठीला लाल फडके बांधून ठेवते, आणि पुढचे दोन पावसाळे तीच व्यवस्था चालते. अशा पुलावर सहकाऱ्यांना वाचवताना गेलेल्या माणसाचे नाव लावायचे आणि त्याच पुलावरून अंधारात दुचाकी खाली जायची, याहून मोठी विटंबना नाही. नाव दिल्याने पूल पवित्र होत नाही. त्याची जबाबदारी तेवढी वाढते, आणि ती गावाने पेलली पाहिजे.

तेव्हा येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत कुणी असा ठराव मांडणार असेल, तर त्याला तीन ओळी जोडाव्यात. पाटी दगडाची असावी आणि तिच्यावर जवानाखेरीज कुणाचेही नाव नसावे. घरच्यांची संमती आधी घेतलेली असावी. आणि दरवर्षी मृगाच्या आधी कठडे, खड्डे व पाणी जाणारे गाळे तपासून त्याचा अहवाल पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा. तिसरी ओळ मान्य होत नसेल, तर नामकरण पुढच्या वर्षी करा.